म्हातारपण रंगवताना कोलने काय काय काढून घेतले

प्रश्न थोडक्यात असा आहे: एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन निसर्गचित्रकार थॉमस कोल याच्या ‘द व्हॉयेज ऑफ लाइफ’ या चार चित्रांच्या (बालपण ते म्हातारपण, नदीवरच्या नावेच्या प्रवासाच्या रूपात) धर्तीवर वार्धक्य, मृत्यू आणि श्रद्धा या विषयांवर निसर्गचित्रांची मालिका करायची आहे. पण कोलचे शेवटचे चित्र, ‘ओल्ड एज’, देवदूत आणि प्रकाशझोत यांमुळे भिंतीवरच्या धार्मिक कॅलेंडरसारखे वाटते. त्यात खरोखर काही आहे का, आणि आपली मालिका तशी होऊ नये म्हणून काय करावे?

त्यात खूप काही आहे, पण ते देवदूतात शोधू नका. पहिल्या तीन चित्रांत जे होते त्यातले चौथ्यात काय उरलेले नाही, ते एकेक करून मोजा. फुले नाहीत, काठ नाही, प्रवाह नाही, सुकाणू नाही, घड्याळ नाही. कोलने म्हातारपण सुरकुत्यांनी रंगवलेले नाही, वजाबाकीने रंगवले आहे. ही वजाबाकी लक्षात यायची तर आधीची तीन चित्रे डोळ्यांसमोर हवीत. ‘ओल्ड एज’ एकटे पाहिले की उरतो तो फक्त देवदूत आणि प्रकाश, म्हणजे नेमके कॅलेंडर. इंटरनेटवर ते बहुधा एकटेच फिरते, त्यामुळे तुमचे तसे मत झाले यात नवल नाही.

पाहण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. या मालिकेचे दोन संच आहेत. न्यूयॉर्कचा बँकर सॅम्युएल वॉर्ड याने १८३९ मध्ये ५,००० डॉलरला हे काम सांगितले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो वारला. पहिला संच १८४० मध्ये पुरा झाला. तो वॉर्डच्या वारसांच्या ताब्यात अडकून राहील आणि लोकांना दिसणारच नाही, या धास्तीने कोलने रोममध्ये १८४१-४२ मध्ये चारही चित्रे पुन्हा रंगवली. पहिला संच आज न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका शहरातील मन्सन संग्रहालयात आहे, दुसरा वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये. वॉशिंग्टनच्या संचातले प्रत्येक चित्र साधारण १३४ सेंटीमीटर उंच आणि १९५ ते २०२ सेंटीमीटर रुंद आहे. दोन्ही संचांतली चित्रे एकमेकांत मिसळून सर्रास छापली जातात, म्हणून अभ्यासाला घ्याल ती चारही प्रतिमा एकाच संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून घ्या. ‘द कोर्स ऑफ एम्पायर’ ही कोलची आधीची पाच चित्रांची मालिका, तिच्याही वेळी तेच झाले होते: ज्याने ती करवून घेतली तो लुमन रीड १८३६ मध्ये, काम पुरे व्हायच्या आत गेला.

आता चित्रे. कोलने प्रत्येक चित्राचे वर्णन स्वतः लिहून ठेवले आहे, त्यामुळे खुणांच्या अर्थाबद्दल फार तर्क करावा लागत नाही.

‘चाइल्डहूड’मध्ये पहाटेची वेळ आहे. काळोख्या गुहेतून नदी बाहेर येते आणि तिच्यावर सोनेरी नाव. नावेच्या अंगावर काळाच्या प्रहरांच्या मूर्ती कोरल्या आहेत, आणि नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या मूर्तीच्या हातात वाळूचे घड्याळ आहे. बाळ फुलांच्या राशीत, मागे देवदूत, आणि देवदूताचा हात सुकाणूवर. पाणी संथ, काठ अगदी जवळ आणि हिरवेगार. पात्र अरुंद का? लहान मुलाचे जग तेवढेच असते म्हणून.

‘यूथ’मध्ये त्याच मुलाने सुकाणू स्वतः घेतले आहे. देवदूत काठावर उतरला आहे आणि हात उंचावून निरोप देतो आहे. मुलगा मागे पाहत नाही. त्याचा हात आभाळातल्या घुमटांच्या महालाकडे पसरलेला. सगळे लख्ख, खुले, दूरवर दिसणारे. या चित्रात एक सापळा आहे आणि तो पहिल्या नजरेत सापडत नाही: नदी महालाकडे जाते असे वाटते, पण जात नाही. दूरवर ती वळते आणि झाडांमागे, डोंगराच्या पायथ्याशी, तिचा वेग वाढलेला दिसतो. मुलाला ते दिसत नाही, आपल्याला दिसते. पाहणाऱ्याला प्रवाशापेक्षा थोडे जास्त कळावे ही रचना पुढे चौथ्या चित्रात संपते, म्हणून ती आत्ताच मनात ठेवा.

‘मॅनहूड’मध्ये तीच नाव खडकांतल्या खळाळात लोटली गेली आहे. सूर्य मावळतीला, आभाळात वादळ, झाडे पिळवटलेली. सुकाणू नाहीसे झाले आहे. हे फार लोकांच्या नजरेतून सुटते, कारण डोळा लाटांकडे जातो. माणसाने हात जोडले आहेत कारण हातांना धरायला काही उरलेले नाही. आभाळातल्या काळ्या ढगांत आकृती आहेत; कोलच्या वर्णनाप्रमाणे त्या आत्महत्या, व्यसन आणि खून यांच्या मोहांच्या आहेत. देवदूत वर, प्रकाशाच्या एका फटीत आहे, पण माणसाच्या पाठीमागे. माणूस वर पाहतो, देवदूताकडे नाही. श्रद्धा म्हणजे काय हे कोलने इथे सांगून टाकले आहे: न दिसणाऱ्याकडे वळलेली नजर. आणि दूर खडकांच्या फटीतून समुद्राची एक आडवी रेघ दिसते. मोठ्या छापील प्रतीत ती बोटाने शोधा. चौथ्या चित्राचा सगळा धागा त्या रेघेत आहे.

‘ओल्ड एज’. रात्र. नदी संपून समुद्र आला आहे. पाण्यावर लाट नाही. शेवटचे दोन-चार उघडे खडक आहेत आणि त्यांच्यावर गवताची काडीसुद्धा नाही. कोलने आपल्या वर्णनात हे मुद्दाम नोंदवले आहे की आता हिरवे काहीच उरलेले नाही. आपण मराठीत म्हाताऱ्या माणसाला पिकले पान म्हणतो. कोलने पानच ठेवलेले नाही. नाव मोडकी झाली आहे, आणि नाळेवरची घड्याळ धरलेली मूर्ती गळून पडली आहे. मालिकेतली सर्वांत नेमकी खूण मला हीच वाटते. वाळू संपलेली दाखवली असती तर तो मृत्यूचा नेहमीचा इशारा झाला असता. घड्याळच नाही, म्हणजे वेळ मोजण्याची गरज संपली. मृत्यूचे भय आणि अमरत्वाची आशा यांच्यातला फरक एका तुटलेल्या लाकडात दाखवला आहे.

आणि आता प्रवासी पहिल्यांदा देवदूताला समोरासमोर पाहतो. तीन चित्रे आपल्याला देवदूत दिसत होता आणि त्याला दिसत नव्हता. चौथ्यात दोघांनाही दिसतो. पाहणारा आणि प्रवासी एका पातळीवर येतात ते इथे, बाकी सगळे काढून घेतल्यावर. म्हणून देवदूत या चित्रात लागतोच. तो सजावट म्हणून आलेला नाही, आधीच्या तीन चित्रांची थकबाकी म्हणून आला आहे. त्या तीन चित्रांशिवाय मात्र तो खरोखरच कॅलेंडरातला देवदूत होतो.

मराठी वाचकाची इथे एक हमखास चूक होते. नाव, पाणी आणि म्हातारा माणूस दिसला की आपल्या मनात भवसागर, नावाडी आणि पैलतीर आपोआप येतात. ते बाजूला ठेवा. आपल्या भक्तिपरंपरेत संसार हाच सागर असतो आणि तो तरून पलीकडे जायचे असते. कोलमध्ये संसार ही नदी आहे आणि समुद्र म्हणजे अनंत. समुद्र ओलांडायचा नसतो, त्यात पोहोचायचे असते. म्हणून ‘ओल्ड एज’मध्ये पैलतीर नाही. तुम्ही सवयीने क्षितिजावर जमिनीची एक पट्टी रंगवलीत तर चित्राचा अर्थच फिरेल. तसेच चार चित्रे म्हणजे चार आश्रमही नव्हेत. वानप्रस्थात माणूस आपणहून सोडतो. कोलच्या प्रवाशाकडून गोष्टी काढून घेतल्या जातात, आणि त्याने काय सोडावे हे त्याला कुणी विचारलेले नाही. तुमची मालिका मराठी घरातली असेल तर हा फरक आधी स्वतःशी ठरवा: तुमचा म्हातारा सोडतो आहे की त्याचे सुटते आहे? उत्तराप्रमाणे हाताची मूठ, बसण्याची ढब, नावेतले सामान, सगळे बदलते.

आणखी दोन गैरसमज वारंवार दिसतात. ‘यूथ’मधला महाल म्हणजे स्वर्ग, हा पहिला. तो स्वर्ग नाही. तरुणपणीची कीर्तीची आणि यशाची स्वप्ने आहेत. स्वर्ग चौथ्या चित्रात आहे आणि तिथे इमारत नाही, फक्त उजेड आहे. दुसरा, म्हातारा म्हणजे स्वतः कोल. कोलचा जन्म १८०१ चा, इंग्लंडमधल्या लँकेशायरचा. हे रंगवताना तो चाळिशीच्या उंबरठ्यावर होता, आणि १८४८ च्या फेब्रुवारीत कॅट्सकिल गावी वारला तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. त्याला म्हातारपण कधी लाभलेच नाही. त्याचा प्रवासी म्हणूनच इतका निर्देह आहे: पांढरी दाढी, टक्कल आणि पसरलेले हात, बस्स. गुडघे दुखतात का, थंडी वाजते का, हे चित्र विचारत नाही. मालिका पुरी झाल्यानंतरच्या वर्षांत कोलची एपिस्कोपल चर्चशी (अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ) जवळीक वाढत गेली. ‘द क्रॉस अँड द वर्ल्ड’ ही शेवटची मालिका त्याच्या मृत्यूने अपुरी राहिली.

आता दुसरी वाट. तुमच्या प्रश्नात कोलचा समकालीन जर्मन निसर्गचित्रकार कास्पार डेव्हिड फ्रीड्रिश याचा उल्लेख नाही, पण तुम्हाला कोलपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल असे मला वाटते. लायप्झिगच्या संग्रहालयातले त्याचे ‘लेबेन्सश्टुफेन’, म्हणजे आयुष्याचे टप्पे, हे चित्र पाहा. आकार ७२.५ × ९४ सेंटीमीटर, कोलच्या एका चित्राच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याएवढे. काळ १८३४-३५. बाल्टिक समुद्राचा किनारा, संध्याकाळ, पाच माणसे आणि पाण्यावर पाच जहाजे. पाठमोरा म्हातारा काठी टेकत बाकीच्यांकडे चालला आहे, अंगात लांब कोट, डोक्यावर फरची टोपी. हा स्वतः फ्रीड्रिश मानला जातो. पुढे उंच टोपीतला तरुण पुरुष त्याच्याकडे वळून हाताने काही खुणावतो. एक मुलगी, आणि दोन लहान मुले एका छोट्या स्वीडिश निशाणाशी खेळत आहेत. मुले फ्रीड्रिशचीच मानली जातात. तो ग्राइफ्सवाल्टचा, १७७४ मध्ये जन्मला तेव्हा तो भाग स्वीडनच्या अमलाखाली होता. १८१५ मध्ये तो भाग प्रशिया या जर्मन राज्याकडे गेला. म्हणजे मुलांच्या हातातले निशाण म्हाताऱ्याच्या लहानपणाचे आहे. केवढी साधी गोष्ट, आणि किती आत जाते.

इथे देवदूत नाही, प्रकाशझोत नाही, वर्णनाची पुस्तिका नाही. चित्राला हे नावही फ्रीड्रिशने दिलेले नाही, ते नंतर पडले. मधल्या मोठ्या जहाजाची डोलकाठी आणि आडवी काठी मिळून क्रूस होतो, पण तो जहाजाचाच भाग आहे. हवा तर क्रूस, नको तर डोलकाठी. कोणते जहाज कुणाचे यावर अभ्यासकांचे एकमत नाही, आणि ते जुळवण्याच्या खटपटीत पडूही नका. म्हाताऱ्याच्या बाजूला नव्हे, पाण्याच्या बाजूला पाहा: जी जहाजे लांब गेली ती फिक्या उजेडात विरघळत चालली आहेत, आणि जवळच्या होड्या काठाला लागलेल्या आहेत. काठावर एक होडी उपडी पडली आहे. ती कुठेच जाणार नाही.

हे चित्र अर्धांगाच्या झटक्यानंतर, मृत्यू समोर दिसत असताना काढले, असे पुष्कळ ठिकाणी ठोकून दिलेले असते. झटका १८३५ च्या जूनमध्ये आला, आणि त्यानंतर त्याला तैलरंगात फारसे काम करता आले नाही. शेवटची वर्षे मुख्यतः जलरंग आणि सेपियात (तपकिरी शाईत) गेली. त्यामुळे हे तेलचित्र त्या झटक्याची कहाणी म्हणून वाचू नये. मृत्यूची ओळख त्याला लहानपणापासून होती. सातव्या वर्षी आई गेली. तेरा वर्षांचा असताना भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत बर्फ फुटून बुडाला.

श्रद्धा निसर्गचित्रात आणण्याबद्दल फ्रीड्रिशवर जी टीका झाली ती तुमच्या कामाला येईल. १८०८ मध्ये त्याने डोंगरमाथ्यावरचा क्रूस रंगवला (‘टेचेनची वेदी’, आज ड्रेस्डेनमध्ये), आणि १८०९ च्या जानेवारीत बासिलियुस फॉन रामडोर या समीक्षकाने हल्ला चढवला: निसर्गचित्राने चर्चच्या वेदीवर चढून बसावे हा उद्धटपणा आहे. फ्रीड्रिशने उत्तरादाखल खुणा उलगडून सांगितल्या. खडक म्हणजे अढळ विश्वास, बारा महिने हिरवे राहणारे सूचिपर्णी वृक्ष म्हणजे आशा, मावळता सूर्य म्हणजे जुने जग. असे स्पष्टीकरण द्यावे लागले हे मला चित्रासाठी फारसे चांगले वाटत नाही. ‘लेबेन्सश्टुफेन’मध्ये त्याने ती वाट सोडली होती.

वजाबाकीचा याहून ठसठशीत दाखला त्याच्या ‘समुद्राकाठचा साधू’ या चित्रात आहे (१८०८-१०, ११० × १७१.५ सेंटीमीटर, बर्लिन). अवरक्त किरणांनी तपासल्यावर रंगाखाली जहाजे आखलेली सापडली. त्याने ती रंगाने बुजवली. उरले वाळूची पट्टी, काळपट समुद्र, आणि चित्राचा पाच-षष्ठांश भाग व्यापणारे आभाळ. या चित्राची जोडी म्हणजे ओकवनातल्या पडक्या मठाचे चित्र, ज्यात एक शवपेटी आत नेली जात आहे. १८१० मध्ये बर्लिनच्या अकादमीत दोन्ही एकत्र मांडली गेली आणि प्रशियाच्या राजाने ती विकत घेतली.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो.

चित्र काढण्याआधी एका मोठ्या कागदावर तक्ता आखा. उभे चार रकाने, एकेका चित्राचे. आडव्या आठ ओळी: वेळ, ऋतू, पाण्याची गती, काठाचे अंतर, झाडेपाने, सुकाणू कुणाच्या हातात, वाटाड्या कुठे, आणि प्रवाशाला तो दिसतो का. बत्तीस चौकटी भरल्याशिवाय रेघही ओढू नका. आधी कोलची चित्रे पाहून एक तक्ता भरा, मग आपला. रूपकात्मक मालिका फसतात त्या बहुतेक इथेच: चित्रकार प्रत्येक चित्रात नवी खूण आणतो. खूण नवी नको. तीच खूण चार अवस्थांत हवी, म्हणजे ती नाहीशी झाली की कळते. पहिल्या चित्रात जे ठळक नव्हते ते चौथ्यातून गेल्याचे कुणालाही जाणवणार नाही. कोलने नाळेवर घड्याळ सुरुवातीलाच स्पष्ट ठेवले ते म्हणून.

नाव हवीच असे नाही. इंग्रज चित्रकार टर्नरने १८३९ मध्ये ‘फायटिंग टेमेरेअर’ रंगवले, त्यात प्रवासीही नाही: १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईतले जुने लढाऊ जहाज वाफेच्या बोटीमागून मोडीला निघाले आहे. प्रत्यक्षात तोवर त्याच्या डोलकाठ्या काढल्या होत्या; टर्नरने त्या ठेवल्या. कोलने खुणा काढून घेतल्या, टर्नरने डोलकाठ्या ठेवल्या, आणि दोघांनीही विचार करून. वस्तू म्हातारी करायची असेल तर तिचा मान आधी दाखवावा लागतो.

कॅनव्हासचे प्रमाण कोलच्या जवळ ठेवायचे तर उंची आणि रुंदी साधारण १ ला १.४५ धरा, म्हणजे ६० × ८७ सेंटीमीटर. चारही कॅनव्हास एकाच मापाचे, एकाच प्रायमरचे घ्या. रंगात जाण्याआधी ८ × १२ सेंटीमीटरची छोटी काळी-पांढरी चित्रे करा, प्रत्येकाची किमान सहा, आणि शेवटी चार निवडून एका ओळीत भिंतीवर लावा. दहा फुटांवरून पाहा. चारही छटा सारख्या वाटल्या तर मालिका अजून झालेली नाही. चौथ्यात पाऊण भाग सर्वांत गडद दोन-तीन छटांत जावा आणि पूर्ण उजेडाचा भाग दहाव्या हिश्श्याहून कमी राहावा. विद्यार्थी नेमके उलटे करतात. श्रद्धा दाखवायची म्हणून अर्धे आभाळ उजळतात, आणि मग उजेडाला किंमत राहत नाही.

अभ्यासरेखाटने बाहेर जाऊन करा, पण त्यांच्यावरून लगेच चित्र करू नका. कोलने एका पत्रात लिहिले आहे की एखाद्या जागेवरून परतल्या परतल्या तिचे चित्र त्याला कधी साधत नसे. किरकोळ तपशिलांवर काळाचा पडदा पडेपर्यंत तो थांबत असे. फ्रीड्रिश उलट टोकाचा: पेन्सिलीची बारीक रेखाटने वर्षानुवर्षे जपून ठेवायचा आणि त्यांतले एखादे झाड वीस वर्षांनी चित्रात लावायचा. तेलचित्रासाठी तो रंगीत कच्ची चित्रे करत नसे. पांढऱ्या कॅनव्हासवर थेट खडू-पेन्सिलीने आखणी, मग बोरूने शाई, मग अंतर्लेप (रंगाचा पहिला, तळाचा थर) आणि त्यावर पातळ पारदर्शक थर. दोघांचेही सार एकच: तपशील गाळायला वेळ द्या. महिनाभर रेखाटन न उघडता पहिल्या आठवणीवरून छोटे चित्र करा. जे आठवत नाही ते चित्रात नको.

रंगाच्या कामात चौथा कॅनव्हास तीन ठिकाणी बिघडतो.

पहिले, हिरवट आभाळ. ओल्या निळ्या ढगात प्रकाशाचा पिवळा मिसळला की कडेला हिरवी झाक येते, आणि ज्या चित्रात हिरवे काहीही राहू नये तिथे ती ओरडून दिसते. निळा-करडा थर पूर्ण सुकू द्या. मध्ये कोमट करड्याची, किंचित गुलाबीकडे झुकणारी अरुंद पट्टी घाला आणि पिवळा तिच्यावरून न्या. या कॅनव्हासपुरते प्रशियन ब्लू आणि लेमन यलो पॅलेटवरून उचलूनच ठेवा. अल्ट्रामरीन, बर्न्ट अंबर, थोडा लाइट रेड, यलो ऑकर, नेपल्स यलो आणि पांढरा एवढ्यात सगळे होते.

दुसरे, काळोख विझणे. अंबरचे गडद भाग सुकले की तेल खाली शोषले जाऊन निस्तेज, राखाडी डाग पडतात. त्यावर अंदाजाने आणखी काळा चढवला की पुढे वार्निश केल्यावर तो भाग भोकासारखा दिसतो. पुन्हा काम करण्याआधी अगदी थोडे जवस तेल कापडाने चोळा, जादा पुसून घ्या, खरी छटा वर आली की मगच ठरवा. नळीतला काळा नको. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर यांचा काळा थंड-उष्ण दोन्हीकडे झुकवता येतो, आणि समुद्र व ढग वेगळे ठेवायला तेवढे पुरते.

तिसरे, प्रकाशझोत. कॅलेंडरी वाटण्याचे मुख्य कारण हेच. झोताच्या दोन सरळ कडा पट्टीने आखल्यासारख्या असतात आणि आत टिटॅनियमचा खडूसारखा थंड पांढरा. कडा आखू नका. कोरड्या, जवळजवळ रिकाम्या ब्रशने फिका रंग सुकलेल्या गडदावरून घासत न्या. एक कड धूसर, दुसरी ढगात हरवलेली. पांढऱ्यात नेपल्स यलोचा किंचित अंश. जाड रंग फक्त उजेडाच्या गाभ्यात, तळहाताएवढ्या जागेत. वरचे थर खालच्यांपेक्षा जास्त तेलकट हवेत, नाहीतर वर्ष-दोन वर्षांत भेगा पडतात; ग्लेझ (पातळ पारदर्शक थर) देण्यापूर्वी खालचा थर नखाला चिकटेनासा व्हायला हवा. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत त्याला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, म्हणून चौथा कॅनव्हास जूनमध्ये सुरू करू नका.

माणसाची आकृती लहान ठेवा, कॅनव्हासच्या उंचीच्या आठव्या हिश्श्याच्या आत. चेहरा मोठा झाला की पाहणारा त्याचे भाव वाचू लागतो आणि निसर्ग पडदा होऊन बसतो. म्हातारपण पाठीतून दाखवता येते: खांदे पुढे, मान आत, काठीवरचा भार एका बाजूला. फ्रीड्रिशच्या म्हाताऱ्याचा चेहरा आपण पाहिलेला नाही, तरी तो हळू चालतो आहे हे कळते.

राहिला देवदूत. तो तुमच्या श्रद्धेतला असेल तर काढा, पण पहिल्या चित्रापासून काढा, आणि तीन चित्रे प्रवाशाला तो दिसू देऊ नका. तुमच्या श्रद्धेतला नसेल तर पंख लावलेली दुसरी कुठली आकृती त्याच्या जागी बसवू नका. वारकरी घरातल्या मुलाने विठ्ठलाला ढगात उभे केले की चूक तीच राहते, फक्त मूर्ती बदलते. त्याऐवजी मालिकेतल्या एखाद्या वस्तूलाच ते काम द्या, फ्रीड्रिशच्या डोलकाठीसारखे: आधी ती वस्तू असावी, मग हवी त्याला खूण.

चारही चित्रे पुरी झाल्यावर एक तपासणी करा. विषय न सांगता कुणाला तरी फक्त चौथे दाखवा, मग झाकून पहिली तीन दाखवा, आणि पुन्हा चौथे. ‘इथे अमुक नाही’ असे वाक्य दुसऱ्या वेळी त्या माणसाच्या तोंडून आपोआप आले तर काम झाले. नाही आले तर चौथ्याला हात लावू नका. पहिल्या चित्रात परत जा आणि ती वस्तू तिथे नीट, उजेडात, हाताच्या अंतरावर रंगवा.